ती चिठ्ठी फर्माइशीची नव्हती : प्रचारप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष आणि प्रचारप्रमुख यांस,

स.न.वि.वि.

मी निवेदिका आहे. गणेशोत्सवातले वाद्यवृंद, महिला मेळावे, दिवाळी पहाट, शाळांची स्नेहसंमेलनं अशा कार्यक्रमांत बावीस वर्षं माइक धरून उभी आहे. निवडणूक लागली की तुमच्या सभांनाही मला बोलावणं येतं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या मंचावर मी येऊन गेलेय. मानधन ठरल्याप्रमाणे मिळालं, वागणूकही चांगली मिळाली, त्यामुळे पैशाची किंवा मानापमानाची तक्रार घेऊन मी लिहीत नाहीये. गेली दोन वर्षं माझ्या पाकिटात एक चिठ्ठी आहे, तिच्याबद्दल लिहितेय.

२०२४ च्या लोकसभेचा प्रचार चालू होता. एप्रिल महिना, दुष्काळी पट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव. पक्ष कोणता, उमेदवार कोण, हे मी सांगणार नाही. तो पक्ष बदलून दुसरा घातला तरी पुढच्या मजकुरात काही फरक पडणार नाही, एवढं मात्र खात्रीने सांगते.

सभा सहाची होती. साहेबांच्या आधीच्या दोन सभा लांबल्या होत्या. त्यांना यायला नऊ तरी वाजतील हे आयोजकांना दुपारीच कळलं होतं. मला मंचामागे घेऊन एवढंच सांगितलं, "ताई, काहीही करा, पण गर्दी उठू देऊ नका."

हे माझं कामच आहे. पुढच्या रांगेतली माणसं वळून रस्त्याकडे बघायला लागली की समजायचं, आता चढ्या लयीचं गाणं हवं. मागच्या बायका चपला शोधायला लागल्या की लगेच खेळ जाहीर करायचा, जावा-जावांना किंवा सासू-सुनांना मंचावर बोलवायचं. पोरं कंटाळली की मिमिक्रीवाला पुढे. मधेच "साहेब निघालेत, दहा मिनिटांत पोचतायत" म्हणायचं. त्या दिवशी मी ते चार वेळा म्हटलं. चारही वेळा ते खरं नव्हतं, हे मला माहीत होतं.

फर्माइशीच्या चिठ्ठ्या येत होत्या. कार्यकर्त्यांची पोरं त्या गोळा करून मंचावर आणून देत होती. एक चिठ्ठी उघडली तर दुरेघी वहीचं पान, पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर पाचवी-सहावीतल्या मुलीचं असावं. आईने सांगितलं आणि लेकीने लिहून घेतलं, असं वाटत होतं. मजकूर असा होता : "पाइपलाइन होऊन दीड वर्ष झालं. नळाला पाणी आलं नाही. टँकर आठ दिवसांनी येतो. पाणी कधी येणार ते साहेबांना विचारा."

मी ती शेजारी उभ्या असलेल्या आयोजकाला दाखवली. त्याने वाचली. तो वाईट माणूस नव्हता, त्याचाही चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाला, "ही बाजूला ठेवा. पुढचं गाणं घ्या."

मी पुढचं गाणं घेतलं.

साहेब नऊ अडतीसला आले. एंट्रीचं गाणं, धूर, जेसीबीच्या बकेटमधून फुलं, मोबाइलचे टॉर्च. टॉर्च लावा असं मीच सांगितलं होतं. मग शाल, हार, फेटा, गदा, फोटो. भाषण सुरू व्हायला पावणेदहा वाजून गेले होते आणि दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहे. त्या दहा-बारा मिनिटांत विरोधी नेत्याची नक्कल झाली, आमच्या मिमिक्रीवाल्यापेक्षा सरस झाली, लोक हसून लोटपोट झाले. पाणी हा शब्द एकदाही आला नाही. ग्रामीण भागात घरोघरी नळाने पाणी देण्याची जल जीवन मिशन २०१९ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झाली आणि तिचं उद्दिष्टाचं साल २०२४ होतं. म्हणजे नेमकं त्याच साली, त्याच गावात, त्याच मैदानावर तो शब्द आला नाही. पुढे ती मुदत २०२८ पर्यंत वाढली, हे नंतर अर्थसंकल्पाच्या बातम्यांत वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी ते दुरेघी पान आठवलं.

सभा संपल्यावर माणसं मैदानातून बाहेर पडत होती. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "मस्त झाला बरं का कार्यक्रम." मी आभार मानले. गाडीत बसल्यावर तो शब्द टोचायला लागला. माझ्या लहानपणी आमच्याकडे लोक सभेला जायचे. सभा चांगली झाली, फसली, उधळली, गाजली, असं म्हणायचे. आता सभेला कार्यक्रम म्हणतात, तुमचे कार्यकर्ते तर इव्हेंटच म्हणतात. आणि लोक बरोबरच बोलतात. तीन तास चाळीस मिनिटं मी करमणूक केली होती आणि दहा-बारा मिनिटं साहेबांनी.

गाण्याबजावण्याला नाक मुरडण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. माझं पोट त्यावर आहे, आणि पोट नसतं तरी मी तसं म्हटलं नसतं. महाराष्ट्रात राजकारण आणि कला यांचं नातं तुमच्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याचे जलसे गावोगाव गेले. तमाशाचाच बाज घेऊन त्यांनी सावकारीवर, अज्ञानावर, धर्माच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीवर बोट ठेवलं. आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्यांनी, हातात पुस्तक नसलेल्या माणसापर्यंत हक्काची भाषा पोचवली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या डफावर मैदानं भरायची. आचार्य अत्र्यांइतकं सभेला हसवणारा वक्ता मराठीत दुसरा कोणी झाला असेल असं मला वाटत नाही. नाटकं, चित्रपट, विडंबन सगळं गाजवलेला तो माणूस १९५७ साली विधानसभेवर निवडून गेला. पु. ल. देशपांडे आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या व्यासपीठावर उभे राहिले. लोक त्यांना ऐकायला हसण्याच्या आशेनेही आले असतील. पण ते उभे राहिले स्वातंत्र्याचा प्रश्न होता म्हणून.

या सगळ्यांच्या सभेतून माणूस घरी जाताना काय घेऊन जायचा, याचा विचार करा. मुंबई कोणाची, कष्टकऱ्याची मजुरी किती, तुरुंगात कोण आहे आणि का, हे तो घेऊन जायचा. गाणं त्याला त्या प्रश्नापर्यंत आणून सोडायचं. अमर शेखांचा आवाज काढून टाकला तरी खाली मुद्दा उरायचा. मी ज्या सभा केल्या त्यांतून आमचा वाद्यवृंद काढून टाका. रिकाम्या खुर्च्या उरतील.

तमाशात गण होतो, गवळण होते, बतावणी होते, ती सगळी वगासाठी. वगात गोष्ट असते, वगासाठीच लोक रात्र जागवतात. तुमच्या सभांत गण होतो, गवळण होते, बतावणी तर तासभर चालते. आणि वग सुरू व्हायच्या आत दहा वाजतात.

या विषयात कायदा काय म्हणतो, हे त्या सभेनंतर मी मुद्दाम वाचलं. मी वकील नाही, पण मराठी माणसाला समजेल एवढं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२६. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत प्रचार बंद करायचा, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे : लोकांना जमवण्याच्या हेतूने गाण्याची मैफल, नाट्यप्रयोग किंवा दुसरी कोणतीही करमणूक ठेवून त्यातून निवडणुकीचा प्रचार करायलाही त्या ४८ तासांत मनाई आहे. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मी ते वाचून थांबले. म्हणजे करमणुकीने माणूस बसवून ठेवता येतो आणि बसवून ठेवलेल्या माणसाच्या मनात काहीही उतरवता येतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. शेवटचे दोन दिवस तरी मतदाराला शांतपणे विचार करू द्यावा, एवढी काळजी त्यांनी घेतली. बाकीच्या दिवसांची काळजी त्यांनी तुमच्या विवेकावर सोडली असणार.

दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. तुम्ही ज्यांना "स्टार प्रचारक" म्हणता, त्यांची यादी तुम्ही निवडणूक आयोगाला देता. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस नावं, इतर नोंदणीकृत पक्षांना वीस. त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही, आणि विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ४० लाखांची, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा असल्यामुळे ही सवलत छोटी नाही. ही सवलत कलम ७७ मध्ये आहे. त्या कलमात "स्टार" हा शब्दच नाही. तिथे "राजकीय पक्षाचे नेते" असं म्हटलंय, आणि सवलत कशासाठी, तर पक्षाच्या कार्यक्रमाचा प्रसार करण्यासाठी केलेल्या प्रवासाला. कायद्याने "नेता" म्हटलं, आपण "स्टार" म्हणायला लागलो. कायद्याने "कार्यक्रम" म्हटलं ते धोरण या अर्थाने, आपण कार्यक्रम म्हणतो तो माझ्यासारखीने सादर केलेला. दोन्ही शब्द आपण सगळ्यांनी मिळून वाकवलेत.

त्या यादीत कोण असतं हे तुम्हीच बघा. पक्षात येऊन दोन आठवडे न झालेले कलाकार असतात. मालिकेतल्या भूमिकेच्या नावाने त्यांना हाक मारली जाते. एका तरुण अभिनेत्रीसोबत मी एका सभेत होते. उमेदवाराचं नाव तिने तळहातावर पेनने लिहून आणलं होतं. घामाने ते पुसलं आणि ती घाबरून मला विचारायला लागली. मला तिचा राग आला नाही. तिला कोणी मतदारसंघाबद्दल चार ओळी सांगितल्या नव्हत्या, सांगाव्यात असं कोणाला वाटलंही नव्हतं. "फक्त हात हलवा आणि तो डायलॉग म्हणा," एवढीच तिला सूचना होती.

कलाकारांनी राजकारणात येऊ नये असं म्हणणारी माणसं भेटतात, मला ते पटत नाही. सुनील दत्त चित्रपटातून आले आणि वायव्य मुंबईतून पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले. पंजाब जळत असताना १९८७ साली ते मुंबईहून अमृतसरपर्यंत चालत गेले. त्या चालण्यात अभिनय नव्हता, पायाला फोड होते. १९८४ साली अमिताभ बच्चन यांनी अलाहाबादेत हेमवतीनंदन बहुगुणांसारख्या मुरलेल्या नेत्याला हरवलं आणि तीन वर्षांत राजीनामा देऊन ते परत गेले. २००४ साली उत्तर मुंबईत गोविंदा यांनी राम नाईकांना हरवलं. आंध्रात एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री होते. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, कोणी टिकलं, कोणी नाही. तेव्हा चेहरा पडद्यावरचा आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. खाली उतरून कोणी काय केलं, आणि मतं मागताना काय सांगून मागितली, यावर ठरतं. तुमच्या यादीतल्या कलाकाराला तेवढं विचारण्याची संधी तुम्ही मतदाराला देत नाही. तो उतरतो, हात हलवतो, पुढच्या गावाला जातो.

आणि आता तर कलाकाराचीही गरज उरलेली नाही, राजकारणच परस्पर करमणूक होतंय. २०२२ चा जून महिना आठवा. राज्यातलं सरकार पडत होतं, आमदार गुवाहाटीत होते, पक्षांतरबंदी कायद्याचा अर्थ काय, पक्ष कोणाचा, राज्यपालांचे अधिकार कुठपर्यंत, असे प्रश्न उभे होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले आणि ११ मे २०२३ ला निकाल आला. पण त्या महिन्यातलं आपल्या सगळ्यांना पाठ काय आहे? गुवाहाटीतून एका आमदाराने फोनवर सांगितलेलं झाडी, डोंगार आणि हाटिल. त्याची गाणी झाली, त्यावर लग्नांत लोक नाचले. मी स्वतः दोन कार्यक्रमांत ते वाक्य टाळ्यांसाठी वापरलंय. मतदाराने दिलेल्या मताचं काय झालं, हा महाराष्ट्राच्या राजकारणातला त्या काळातला सर्वांत गंभीर प्रश्न होता, आणि तो आम्ही हसत हसत हातावेगळा केला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी राज ठाकरे यांच्या पक्षाने एकही उमेदवार दिला नव्हता, पण "लाव रे तो व्हिडिओ" घराघरात पोचलं. तोही खेळच होता. अंधार, मोठा पडदा, नेमक्या जागी थांबणं, सगळं नाटकासारखं. पण पडद्यावर सरकारचा दावा दिसायचा आणि पाठोपाठ जागेवर जाऊन काढलेलं चित्र. सरकारने डिजिटल गाव म्हटलेल्या मेळघाटातल्या हरिसालचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. ते पटो न पटो, समोरच्याला उत्तर द्यायला मुद्दा हातात मिळत होता, आणि उत्तरं दिलीही गेली. त्या निवडणुकीत भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या, म्हणजे टाळ्या आणि मतं यांचा हिशोब वेगळा असतो, हेही तेव्हाच दिसलं. तरीही रंजक सभेतून मुद्दा मांडता येतो, याचा तो अलीकडचा दाखला आहे. तुम्हाला जमत नाही असं नाही.

जमत असूनही तुम्ही मुद्दा कुठे ठेवता, ते तारखांवरून दिसतं. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. भाजपचं संकल्पपत्र आलं १० नोव्हेंबरला आणि महाविकास आघाडीचा जाहीरनामाही १० नोव्हेंबरलाच. प्रचार १८ ला संध्याकाळी थांबला. पाच वर्षं राज्य कसं चालवणार हे सांगायला आठवडाभर. प्रचारगीतं त्याच्या कितीतरी आधीपासून रिक्षांवर वाजत होती. आमच्या क्षेत्रातले संगीतकार, गायक, ध्वनिमुद्रण करणारे, सगळे तेव्हा दिवसरात्र कामात होते, म्हणून मला हे माहीत आहे. चाल आधी ठरते, ठेका आधी ठरतो, वचनं मागाहून येतात.

त्याच निवडणुकीत मराठी मालिकांच्या दृश्यांमध्ये एका पक्षाचे फलक दिसतात, ही छुपी जाहिरात आहे, अशी तक्रार निवडणूक आयोगाकडे गेली होती. त्या तक्रारीच्या तपशिलात मी शिरत नाही. पण माझी आई बहात्तर वर्षांची आहे, संध्याकाळी ती मालिका बघते आणि त्या घरातल्या सुनेची काळजी करते. तिच्या त्या तासात प्रचार शिरला तर तो प्रचार आहे हे तिला कळणारही नाही. जाहिरात जाहिरातीसारखी आली तर ती चष्मा वर करून "हे काय नवीन" म्हणते. गोष्टीच्या आडून आली तर म्हणणार नाही. २०१९ साली आयोगाने पंतप्रधानांवरच्या चरित्रपटाचं प्रदर्शन निवडणूक संपेपर्यंत थांबवलं होतं, ते याच कारणाने. पडद्यावरची गोष्ट आणि मताची मागणी यांच्यात काही अंतर राहावं म्हणून.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि माझ्या तोंडावर म्हणालेही आहेत, की ताई, लोकांनाच हे हवं असतं. नुसतं भाषण ठेवलं तर कुत्रं येत नाही.

मी मंचावरून लोकांचे चेहरे बघते, तुम्ही बहुधा तेव्हा गाडीत असता. म्हणून हे उत्तर मी अधिकाराने देऊ शकते. ज्या तालुक्यात नाट्यगृह नाही, जिथे एकुलतं चित्रपटगृह बंद होऊन तिथे गोदाम झालंय, तिथल्या बाईला संध्याकाळी घराबाहेर पडून खुर्चीवर बसून गाणं ऐकायला मिळतं ते निवडणुकीतच. तिला ते हवंच असणार, तो तिचा हक्क आहे. तुम्ही पाच वर्षांत तिच्या गावाला एक बरं सभागृह दिलं असतं, तर तिला त्यासाठी तुमच्या सभेची वाट बघावी लागली नसती. पण तीच बाई चिठ्ठीही लिहिते. त्या दिवशी माझ्याकडे साठेक चिठ्ठ्या आल्या असतील. रात्री मुक्कामी गेल्यावर मी उरलेल्या सगळ्या उघडून बघितल्या. बहुतेक गाण्यांच्या होत्या. सात वेगळ्या होत्या. एक पीकविम्याची. एक बसची, की शाळेच्या वेळेला येतच नाही. एकीत फक्त एक नाव आणि पुढे "संजय गांधी योजनेचे पैसे चार महिने नाहीत". माणसं करमणुकीला आली होती आणि येताना प्रश्न घेऊन आली होती. त्या सात जणांना वाटलं होतं की ही सभा आहे.

आमचंही एक सांगते, कारण कलाकारांच्या वतीने कोणी बोलत नाही. तुमच्या मंचावर गायलेल्या शाहिराच्या कपाळावर शिक्का बसतो. दुसऱ्या पक्षाची सत्ता असलेल्या गावात त्याला जत्रेची सुपारी मिळत नाही. माझ्याबरोबर ढोलकी वाजवणाऱ्या पोराला असा एक पूर्ण हंगाम बसून काढावा लागला. अण्णाभाऊंनाही शिक्का होता, पण तो त्यांनी स्वतः मानाने लावून घेतला होता, त्यांच्या विचारांचा होता. आमच्या पोराला विचार कोणी विचारला नव्हता. तो ठेका धरायला आला होता.

आता मागणं.

मला बंदी नको. गाणी राहू द्या, डफ राहू द्या, हसवणारे वक्ते तर हवेतच. मी मागतेय तो वेळ. सभेच्या वेळेतली वीस मिनिटं लोकांच्या चिठ्ठ्यांसाठी ठेवा, आणि ती साहेब आल्यानंतरची ठेवा. चिठ्ठ्या कार्यकर्त्यांनी गाळायच्या नाहीत. डब्यात हात घालून निवेदकाने काढायच्या आणि जशाच्या तशा वाचायच्या. उत्तर माहीत नसेल तर उमेदवाराने माहीत नाही म्हणावं. मी इतकी वर्षं श्रोत्यांसमोर उभी आहे. "मला माहीत नाही, आठ दिवसांत सांगतो" म्हणणाऱ्या माणसाला लोक हुसकावत नाहीत. त्याचा फोन नंबर मागून घेतात.

चाळीस नावांची यादी करताना प्रत्येक नावापुढे एक प्रश्न विचारा : हा माणूस आपल्या जाहीरनाम्यातली तीन वचनं न बघता सांगू शकेल का? नसेल तर त्याला गायला बोलवा, नाचायला बोलवा, त्याचं मानधन द्या, पण त्याला आपला नेता म्हणून आयोगाकडे पाठवू नका. मंचावरचा कलाकार पैसे घेऊन आलाय की विचाराने आलाय, हेही मंचावरूनच सांगून टाका. माझ्यापासून सुरुवात करा. "आजच्या निवेदिका मानधनावर आल्या आहेत, त्या आमच्या पक्षाच्या नाहीत," एवढं एक वाक्य. मला त्यात काही कमीपणा वाटणार नाही, आणि ढोलकीवाल्या पोराचा हंगाम वाचेल.

जाहीरनामा पहिल्या सभेच्या आधी छापा. उशीर झालाच तर प्रचारगीतही थांबवा.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, आयोगाची परवानगी लागत नाही, खर्चही वाढत नाही. उलट धुराचं मशीन वाचतं. एका पक्षाने एका मतदारसंघात करून बघितलं तरी पुरे, दुसऱ्याला शेजारी राहून गप्प बसणं अवघड जाईल.

त्या गावाला मी पुन्हा गेले नाही. त्या मुलीने पान फाडलेली वही आता संपली असेल, ती बहुधा आठवीत असेल. नळाचं काय झालं मला कळलेलं नाही, कारण विचारायला माझ्याकडे नाव नाही. चिठ्ठीवर तिने नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नाही असं तिला वाटलं असेल. उत्तर तर सगळ्या मैदानाला ऐकू येणार होतं.

पुढची निवडणूक लागली की तुमच्यापैकी कोणाचा तरी फोन येईल, दर वेळी येतो तसा. मी येईन. तारीख मोकळी असेल तर नाही म्हणणार नाही. मात्र पहिलं गाणं घेण्याआधी मी पाकिटातलं ते दुरेघी पान काढणार आणि माइकवर वाचणार आहे. त्याचं उत्तर कोण देणार, ते मला बोलावण्याआधी ठरवून ठेवा.

आपली,
एक निवेदिका